सामान्य विज्ञान : मुलाला काय येते, हे कसे पाहावे?

प्राथमिक शाळेतील मुलांच्या सामान्य विज्ञानाच्या ज्ञानाची पारख कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिक्षकांचा आणि परीक्षकांचा वाटतो. वस्तुतः तो पालकांचा व ग्रामस्थांचाही तितकाच आहे. कारण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एका कागदावर मिळालेल्या गुणांवरून 'याला विज्ञान येत नाही' असा शिक्का बसतो, आणि पुष्कळदा तो शिक्का मुलाच्या मनावरून पुढे कधीच पुसला जात नाही. म्हणून ज्या चाचणीवरून हा निर्णय दिला जातो, ती चाचणी नेमके काय मोजते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाला आज अधिक महत्त्व आले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला एकाच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ मध्ये या अधिनियमात दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीच्या वर्षअखेरीस नियमित परीक्षा घेण्याची, अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी देण्याची आणि त्यानंतरही तो अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवावे की नाही हे ठरविण्याची मुभा शासनांना मिळाली. मध्य प्रदेशात या दोन्ही इयत्तांच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर सुरू झाल्या. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये नियमांत बदल करून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद केली. अर्थात ग्वाल्हेरच्या मुलापुढे येणारी प्रश्नपत्रिका आणि जळगावच्या मुलापुढे येणारी प्रश्नपत्रिका यांच्यापुढील कसोटी एकच आहे : मुलाला खरोखर काय येते, हे तिला कळते काय?

पाठांतर आणि समज

ग्वाल्हेर परिसरात मे-जून महिन्यांत पारा अनेकदा ४५ अंशांच्या वर जातो. घराघरांत मातीचे माठ व सुरया भरलेल्या असतात. 'माठातील पाणी थंड का होते?' हा प्रश्न त्यामुळे प्रश्नपत्रिकेत हमखास येतो, आणि 'बाष्पीभवनामुळे' हे एका शब्दाचे उत्तर मुले हमखास लिहितात. त्यांना पूर्ण गुण मिळतात. परंतु एवढ्यावरून मुलाला बाष्पीभवन समजले असे म्हणता येईल काय?

त्याच मुलाला निराळ्या रीतीने विचारून पाहावे. 'माठाला बाहेरून तेलरंग लावला तर पाणी पूर्वीइतके थंड होईल काय? का?' किंवा 'उन्हाळ्यात माठाचे पाणी जितके थंड लागते, तितके श्रावणात का लागत नाही?' पहिल्या प्रश्नासाठी माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातील उष्णता घेते, ही साखळी मनात जुळावी लागते. रंगाने छिद्रे बुजली की साखळीची पहिली कडीच तुटते. दुसऱ्या प्रश्नासाठी पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प अधिक असल्याने बाष्पीभवन मंदावते, हे ध्यानात यावे लागते. ही उत्तरे पुस्तकात जशीच्या तशी सापडत नाहीत. ज्याने 'बाष्पीभवन' हा शब्दच पाठ केला आहे, तो येथे थांबतो. ज्याने माठाला हात लावून त्याचा ओलावा पाहिला आहे, तो शब्द विसरला तरी उत्तरापर्यंत पोहोचतो. विज्ञान अधिक कोणाला आले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

उद्दिष्टे आणि संविधान तक्ता

कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळातील आपल्या अभ्यासानंतर शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान हा सर्वांसाठी आवश्यक विषय असावा, अशी शिफारस केली. त्या सुमारास मूल्यमापनाचा विचारही नव्या वळणावर आला होता. केवळ किती आठवते हे न पाहता ज्ञान, आकलन, उपयोजन व कौशल्य या चार उद्दिष्टांनुसार प्रश्न काढावेत, हे तत्त्व अध्यापक विद्यालयांतून शिकविले जाऊ लागले. शिक्षकांना हे तत्त्व ठाऊक आहे. मात्र प्रत्यक्ष प्रश्नपत्रिका काढताना वेळेअभावी त्याकडे दुर्लक्ष होते आणि चाळीसपैकी तीस-पस्तीस गुण नुसत्या आठवणीला जातात.

यावर साधा उपाय म्हणजे प्रश्न लिहिण्यापूर्वी संविधान तक्ता करणे. उदाहरणार्थ, ४० गुणांच्या चाचणीत ज्ञानाला १२, आकलनाला १२, उपयोजनाला ८ आणि कौशल्याला ८ गुण ठेवता येतील. आडव्या ओळीत ही उद्दिष्टे आणि उभ्या रकान्यात हवा, पाणी, वनस्पती, आहार, आरोग्य इत्यादी घटक मांडावेत. प्रत्येक घरात किती गुणांचा प्रश्न हवा हे आधी ठरले, म्हणजे एकाच घटकावर भार पडत नाही आणि 'व्याख्या लिहा', 'रिकाम्या जागा भरा' यांचा अतिरेक आपोआप टळतो. शिक्षकाने हा तक्ता वर्षारंभी केला तर तो प्रश्नपत्रिकेप्रमाणेच अध्यापनालाही दिशा देतो.

भाषेची अडचण

दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून लष्कर ही वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली, आणि ग्वाल्हेरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदू लागली. घरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशी या घरांतील अनेक मुलांची स्थिती असते. विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत या स्थितीचा परिणाम अनपेक्षित रीतीने होतो. हिंदीत 'जड़' म्हणजे वनस्पतीचे मूळ. मराठी घरात 'जड' म्हणजे वजनदार. 'पौधे में जड़ का क्या काम है?' या प्रश्नापाशी असे मूल क्षणभर अडखळते. ज्याला मराठीत 'जठर' ठाऊक आहे, त्याला 'आमाशय' परके वाटते. 'फुप्फुस' माहीत असलेल्याला 'फेफड़े' शोधावे लागते. अवयव तोच, त्याचे कार्य मुलाला माहीत आहे, पण गुण मात्र शब्दाने अडवले जातात.

ही अडचण केवळ भाषा बदललेल्या घरांची नाही. खेड्यातील मुलाची बोली आणि पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर भाषा यांतही असेच अंतर असते. मुंबई येथे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील प्राथमिक शाळांत त्या दशकात काम केले. या केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी भाषेच्या अडसराचा पुढे विशेष अभ्यास केला. विज्ञानाचे पाठ सोप्या, मुलांच्या परिचयाच्या भाषेत मांडल्यास त्यांचे आकलन सुधारते आणि वर्गातील बोलणेही वाढते, असा त्याचा बोध होता.

यावरून परीक्षकाने एक नियम घालून घ्यावा. विज्ञानाच्या चाचणीत भाषेची परीक्षा होता कामा नये. वाक्ये लहान असावीत, एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी, पारिभाषिक संज्ञेबरोबर परिचयाचा शब्द द्यावा, आणि मुलाने बोलीत किंवा चित्राने दिलेले बरोबर उत्तर बरोबरच धरावे. लिहिण्यात मागे असलेल्या मुलांसाठी काही प्रश्न तोंडी घ्यावेत. मुलाला विज्ञान येत नाही की वाचता येत नाही, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय त्याच्यावर योग्य उपचार करता येत नाही.

होशंगाबादचा अनुभव

मध्य प्रदेशाच्याच एका जिल्ह्यात या विषयावर देशात गाजलेला प्रयोग झाला आहे. किशोर भारती आणि रसूलिया येथील मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक (इयत्ता सहावी ते आठवी) शाळांत प्रयोगांवर आधारलेले विज्ञान शिक्षण सुरू केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी यात भाग घेतला. १९७८ मध्ये शासनाने हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात नेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याचा सांभाळ केला आणि तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतील काही शाळांपर्यंत पोहोचला. २००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. होशंगाबाद जिल्हा २०२२ पासून नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो.

हा प्रयोग प्राथमिक इयत्तांचा नव्हता. तरीही त्याची परीक्षापद्धती प्राथमिक शिक्षकांनी अभ्यासण्याजोगी आहे. मुलांना परीक्षेत 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक आणि स्वतःची प्रयोगवही जवळ ठेवण्याची मुभा होती. साहजिकच पुस्तकातून उतरवून काढता येईल असा प्रश्न विचारण्यात अर्थ उरत नव्हता. न पाहिलेली निरीक्षणे देऊन त्यांवरून निष्कर्ष काढण्यास सांगणारे, नवा प्रयोग सुचविण्यास सांगणारे प्रश्न काढणे शिक्षकांना भाग पडले. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक परीक्षाही होती. प्रत्येक मुलाने हाताने काही करून दाखवायचे असे. पुस्तक उघडे ठेवल्याने परीक्षा सोपी होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. होशंगाबादच्या अनुभवाने दाखविले की पुस्तक उघडे ठेवले म्हणजे परीक्षकाला अधिक विचार करावा लागतो.

परिसरातील साहित्य, परिसरातील प्रश्न

प्रात्यक्षिक म्हटले की प्रयोगशाळा, काचेची उपकरणे व खर्च डोळ्यांपुढे येतात. प्राथमिक शाळेला यांपैकी कशाचीही गरज नाही. ग्वाल्हेर परिसरातील काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण बीजाचे. एका पट्टीवर हरभऱ्याचे तीन दाणे दोऱ्याने बांधावेत आणि पट्टी पेल्यात उभी ठेवून मधला दाणा अर्धा बुडेल इतके पाणी घालावे. वरचा दाणा कोरडा राहतो, खालचा पूर्ण बुडतो. पाणी तेवढेच राखून चार-पाच दिवस मुलांनी रोजची नोंद करावी. मधला दाणा चांगला रुजून वाढू लागतो. चाचणीतील प्रश्न असा : 'खालच्या दाण्याला पाणी भरपूर आहे, तरी त्याची वाढ नीट का होत नाही?' बीजाला पाण्याबरोबर हवाही लागते, हे मूल स्वतःच्या नोंदीवरून सांगते. एखाद्याच्या पेल्यात खालच्या दाण्यालाही मोड आला आणि त्याने तसे प्रामाणिकपणे लिहिले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. पुस्तकाशी जुळावी म्हणून नोंद बदलणे हा विज्ञानातील मोठा दोष होय, हे मुलाला याच वयात कळले पाहिजे.

दुसरे उदाहरण शेतातील. या भागात रब्बीत मोहरीचे पीक मोठे असते. हिवाळ्यात प्रत्येक मुलाला मोहरीची एक फांदी द्यावी व पाकळ्या मोजून फुलाचे चित्र काढण्यास सांगावे. पाकळ्या चार आहेत हे पाहून काढलेले चित्र आणि पाठ केलेले पाच पाकळ्यांचे चित्र यांतील फरक तत्काळ दिसतो. निरीक्षणाचे कौशल्य तपासण्यास याहून स्वस्त साधन नाही.

तिसरे उदाहरण किल्ल्यावरील. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. शून्याचे चिन्ह वापरून लिहिलेल्या संख्यांसाठी तो जगभर प्रसिद्ध आहे. देवाच्या बागेची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात असल्याचे आणि रोज ५० माळा देण्याची व्यवस्था केल्याचे त्यात नमूद आहे. मुलांना शाळेचे अंगण स्वतःच्या हाताने मोजण्यास सांगावे. दोघांची मापे जुळत नाहीत. मग विचारावे : 'अंगण एकच असता मापे वेगळी का आली? ती जुळण्यासाठी काय करावे?' प्रमाणित एककाची आवश्यकता मूल येथे आपल्या बुद्धीने शोधते.

चौथे उदाहरण पाण्याचे. शहराला पाणी पुरविणारे तिघरा धरण मुलांच्या ऐकण्यातील असते. पावसाळ्यात नदी-तलावाचे गढूळ पाणी एका पेल्यात तसेच, दुसऱ्यात तुरटी फिरवून ठेवावे. कोणते आधी निवळते हे पाहिल्यावर विचारावे : 'निवळलेले पाणी पिण्यास निर्धोक झाले काय?' पाणी स्वच्छ दिसणे आणि जंतुरहित असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे उत्तर देणारे मूल घरी जाऊन आईलाही पाणी उकळण्यास सांगेल. विज्ञानाच्या चाचणीचा घराला होणारा उपयोग तो हाच.

उत्तरसूचीतील दोष

मुलांची परीक्षा घेण्यापूर्वी उत्तरसूचीची परीक्षा घेणे आवश्यक आहे. काही चुकीच्या समजुती वर्षानुवर्षे उत्तरसूचीतून चालत आल्या आहेत. पाण्यातील जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला असता पाणी वर चढते. 'जळून गेलेल्या प्राणवायूची जागा पाणी घेते' हे उत्तर बरोबर धरले जाते. वास्तविक पेल्यातील हवा प्रथम तापून प्रसरण पावते, काही बुडबुड्यांवाटे बाहेर जाते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकुंचन पावते. पाणी चढण्याचे मुख्य कारण हे आहे. शिवाय सर्व प्राणवायू संपण्यापूर्वीच ज्योत विझते. 'वनस्पती केवळ रात्री श्वसन करतात' हेही असेच चुकीचे उत्तर. वनस्पतींचे श्वसन रात्रंदिवस चालू असते. 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते' असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी असते, आणि तेव्हा ग्वाल्हेरात कडाक्याची थंडी असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे.

चुकीच्या उत्तरसूचीचा फटका नेमका विचार करणाऱ्या मुलाला बसतो. म्हणून केंद्रातील दोन-तीन शिक्षकांनी एकत्र बसून प्रश्न व गुणदान योजना तपासावी, हे श्रेयस्कर.

प्रश्नांची पारख

चाचणी झाल्यावर गुणांची बेरीज करून काम संपत नाही. प्रश्न कसे होते, हेही पाहता येते आणि त्यासाठी साधी गणिती क्रिया पुरते. वर्गात ४० मुले असतील, तर सर्वाधिक गुणांची १० आणि सर्वांत कमी गुणांची १० मुले वेगळी काढावीत. एखादा प्रश्न वरच्या गटातील ८ आणि खालच्या गटातील ३ मुलांनी बरोबर सोडविला असेल, तर दोन्ही मिळून २० पैकी ११ उत्तरे बरोबर. म्हणजे त्याचे काठिण्यमूल्य ५५ टक्के. दोन गटांतील फरक ५. त्याला १० ने भागल्यास भेदनमूल्य ०·५ येते. असा प्रश्न चांगला समजावा. सर्वांनाच आलेला किंवा कोणालाच न आलेला प्रश्न मुलांमधील फरक दाखवीत नाही. वरच्या गटापेक्षा खालच्या गटाने अधिक बरोबर सोडविलेला प्रश्न मात्र संशयास्पद होय. त्याची भाषा संदिग्ध असेल किंवा उत्तरसूची चुकली असेल.

बहुपर्यायी प्रश्नांविषयीही सावध राहावे. चार पर्यायांचे २० प्रश्न न वाचता खुणा केल्या तरी सरासरीने ५ उत्तरे बरोबर येतात. तेव्हा २० पैकी ६ गुण मिळविणाऱ्या मुलाला थोडेफार येते, असे त्या आकड्यावरून निश्चित म्हणता येत नाही.

निकालाचा उपयोग

चाचण्यांचे हेतू भिन्न असतात, हे अधिकाऱ्यांनी व ग्रामस्थांनी ध्यानात ठेवावे. २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण हे निवडक शाळांतील नमुन्यावरून शिक्षणव्यवस्थेची प्रकृती पाहण्यासाठी असते. त्यावरून एकेका मुलाला किंवा शाळेला बोल लावणे योग्य नव्हे. वर्गातील घटक चाचणी शिक्षकाने आपले शिकविणे सुधारण्यासाठी असते. वार्षिक परीक्षा मात्र मुलाच्या पुढील वर्गाचा निर्णय करते, आणि म्हणूनच तिच्यात सर्वाधिक दक्षता हवी.

अनुत्तीर्ण मुलाला पुनर्परीक्षेपूर्वी मिळणारे दिवस त्याच उत्तरांच्या घोकंपट्टीत घालवू नयेत. कोणत्या उद्दिष्टात ते मागे पडले हे तक्त्यावरून पाहावे. ज्ञानात मागे असेल तर उजळणी, आकलनात असेल तर प्रयोग, वाचनात असेल तर वाचनाचा सराव, अशी उपाययोजना करावी. पालकांनीही 'किती गुण पडले?' या प्रश्नाआधी 'आज काय पाहिलेस?' असे विचारावे. शेतात, स्वयंपाकघरात आणि पाणवठ्यावर मूल जे पाहते, त्याचे कारण विचारण्याची सवय घरातून लागली, तर शाळेचे निम्मे काम होते.

बैलाच्या खुराला नाल का बसवितात, दही हिवाळ्यात उशिरा का लागते, कोणत्या ढगाने पाऊस येतो, हे खेड्यातील मुलाला पुष्कळदा माहीत असते. ते त्याला सांगता यावे, कारण देता यावे आणि करून पाहता यावे, यासाठी शाळा आहे. जी चाचणी हे ज्ञान शोधून काढते, ती मुलाला पुढे नेते. मुलाला काय येत नाही एवढेच जिला सांगता येते, ती चाचणी अपुरी होय. आणि तिची दुरुस्ती करण्याचे काम शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ या तिघांनी मिळून अंगावर घेतले पाहिजे.